दंडाची रेघ

प्रिय माऊ,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, आणि रागावली असशील तरी शेवटपर्यंत वाच.

गेल्या मंगळवारी आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात नवलच घडलं. बावीस वर्षं मी तिथली कोळशाची भुकटी झाडतेय, पण मुलं नेमकं काय करतात ते कधी थांबून बघितलं नव्हतं. त्या दिवशी चित्रासाठी बसणारी मॉडेल आलीच नाही. वर्गाच्या बाई दारात येऊन माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बसाल का दोन तास? आहात तशाच." मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, "अहो, माझ्यात काय आहे काढण्यासारखं? एखादी देखणी पोरगी बघा." त्यांनी माझ्या हातातला झाडू घेतला आणि भिंतीला टेकवला.

स्टुलावर बसले आणि झाडताना दंडापर्यंत दुमडलेल्या बाह्या खाली ओढायला गेले, तर बाई नको म्हणाल्या. तुला माहीत आहे, चारचौघांत हे दंड मी कधी उघडे टाकले नाहीत. लग्नानंतर तुझ्या बाबांच्या आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "दंड आहेत की खांब?" तेव्हापासून भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या.

सतरा मुलं माझ्याकडे बघत होती. मी जीव मुठीत धरून बसले. वाटलं, आता कुणीतरी फिसकन हसेल. कुणीच हसलं नाही. कागदावर कोळशाची खरखर तेवढी चालू. समोरची चष्मेवाली पोरगी सारखी खोडत होती. शेवटी रडकुंडीला येऊन ती बाईंना म्हणाली, "मला यांच्या दंडाची रेघ सापडतच नाहीये. खांद्यावरून इतकी छान उतरते आणि कोपरापाशी अशी वळते, की हातातून निसटते." माऊ, जे मी तीस वर्षं झाकून ठेवलं, ते काढायला जमत नाही म्हणून एक पोर रडवेली झाली होती!

तास संपल्यावर मी एकेका चित्रापुढे जाऊन उभी राहिले. कुणीही मला बारीक केलं नव्हतं. पोट पोटाच्या जागी, हनुवटीखालची वळी तिच्या जागी. आणि तरी वाटलं, अशी बाई रस्त्यात समोरून आली असती, तर मी आपण होऊन बाजूला झाले असते, तिला नीट जाऊ दिलं असतं. आणि ती मीच होते गं.

घरी येईपर्यंत तूच डोळ्यांसमोर होतीस. मावशीच्या लग्नात फोटो काढताना मी तुला मागच्या रांगेत ढकललं, पुढे सडपातळ पोरी हव्यात म्हणून. दुसऱ्यांदा वाढून मागितलंस की मी डोळे वटारायचे. शाळेच्या नाचातून तू आपणहून नाव काढून घेतलंस, तेव्हा मला बरंच वाटलं होतं, हेही आज सांगून टाकते. आत्याबाईंनी मला जे ऐकवलं, तेच मी रोज तुझ्या ताटात वाढत राहिले. वर म्हणायचे, तुझ्या भल्यासाठीच.

आणि दहा दिवसांपूर्वी तुला मुलगी झाली. फोनवर तुझा थकलेला, आनंदलेला आवाज आला, आणि आजी झालेल्या या बाईच्या तोंडून पहिलं काय निघालं? "रंग कसा आहे गं? तुझ्यासारखी जाड नाही ना?" तू फोन ठेवलास. मी शेजारणीजवळ तुलाच उद्धट म्हटलं. चूक माझी होती, माऊ, त्या दिवसाचीही आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांचीही. मला माफ कर. तुम्ही दोघी सुखरूप आहात ना, हे विचारायचंच राहिलं, तेवढं कळव. ये म्हणालीस तर रजा टाकून येईन, तिला मांडीवर घेईन आणि डोळे भरून बघेन. रंगाबद्दल, अंगाबद्दल चकार शब्द काढणार नाही. तोंडातून काही निघालंच, तर नुसतं "अगं बाई!" एवढंच निघू दे.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली आई