कन्या ३

सनीव्हेल,
४ फेब्रुवारी २०२४

ती. हेमचंद्रकाकांस,
आसावरीचा सा. न. वि. वि.

मेसेज तुम्हाला पोरखेळ वाटतो, म्हणून हे पत्र. माझ्या छातीतली गाठ काढली. केमो सुरू आहे, आणि माझी लेक प्रीता माझ्या टकलावर तबला वाजवते.

काका, डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी थक्क झाले. पेशीतला डीएनए रोज कुठेतरी फाटतो आणि त्याला रफू करणारी जनुकं असतात. माझ्या अशा एका जनुकातलं एक अक्षर जन्मापासून गळलंय. रफू राहिलं की चुका साठतात, पेशी थांबायचं विसरते, वाढत सुटते, दुसरीकडे बिऱ्हाड थाटते. माझी काखेपर्यंतच पोचली, नशीब.

आईची टेस्ट क्लिअर आहे. म्हणजे हे आमच्या बाबांकडून आलं. बाबा तर आता नाहीत. ते गळलेलं अक्षर तुमच्यातही असू शकतं, आणि तुमच्याकडून मंजुषाताईत. म्हणून बाबांकडच्या बायकांची माहिती हवीय. तुमचा कुलवृत्तांत उघडला. पुरुष सगळे तारखांसकट आहेत; आजोबांच्या बहिणी मात्र नुसत्या 'कन्या ३'. त्या कशाने गेल्या?

रागावू नका, लोभ असू द्या.
तुमची आसावरी

नेपरव्हिल,
२० मार्च २०२४

चि. आसावरीस,
अ. उ. आ.

आधी रागच आला. अकरा वर्षं खपून केलेल्या पुस्तकात पुतणीने चूक काढावी! मग लाज वाटली. माझ्या सख्ख्या आत्या गं, नावं तोंडपाठ. मुली परक्या घरच्या, म्हणून छापली नाहीत.

थोरल्या द्वारकाआत्याची नात आश्लेषा नागपूरला असते, तिला फोन केला. द्वारकाआत्या स्वतः छत्तिसाव्या वर्षी गेली, अंबूआत्या एकोणचाळिसाव्या. घरात बाळंतरोग म्हणत. आश्लेषा म्हणाली, दोघींच्या छातीत गाठ होती. मथूआत्या मात्र नव्वद वर्षं खणखणीत.

मीही रक्त दिलं. निघालं. शहात्तर वर्षं ते गळलेलं अक्षर माझ्यात आहे आणि मला साधी शिंक नाही. ज्यांची नावं मी ठळक छापली, त्यांच्यातून ते मुकाट आलं; ज्यांची गाळली, त्यांनी भोगलं. मंजूला सांगितलंय; तीही टेस्ट करून घेणार आहे.

काळजी घे, जेवत जा.
काका

नेपरव्हिल,
१२ मे २०२४

चि. आसावरीस,
अ. उ. आ.

मंजूतही ते आहे. स्कॅनमध्ये मसुराएवढी गाठ दिसली, हाताला लागलीच नसती. परवा काढली. पसरलेली नाही. तुझ्या एका प्रश्नाने माझी मुलगी वाचली, बाळ.

सोबत कुलवृत्तांताचं पान सत्तेचाळीस नव्याने छापून पाठवतोय. द्वारका, अंबू, मथू: जन्म, मृत्यू, कारण. खाली मंजू, तू, प्रीता. प्रीतापुढची जागा कोरी ठेवलीय. पोर मथूआत्यावर गेलेली असू दे, एवढंच मागतो.

अशाच चुका काढत राहा, हाच लोभ.
तुझा काका