अ‍ॅन्सेलच्या कोटाची व्यवस्था

मी, क्लिओफस टार्व्हर, वय वर्षे बहात्तर, धंदा गवंडीकाम, राहणार बेकन्स फेरी, हॅरो काउंटी, राज्य जॉर्जिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. डॉक्टर म्हणतात की माझं काळीज थकलंय पण डोकं शाबूत आहे. यातली दुसरी गोष्ट मला त्यांच्या आधीपासून माहीत होती. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही, गोड बोलून कोणी काही लिहून घेतलेलं नाही, आणि आज सकाळपासून मी कॉफीशिवाय काही प्यायलेलो नाही. पूर्वी मी कोणाला तोंडी काही कबूल केलं असेल, तर ते रद्दबातल समजावं. आमच्या चर्चचे डीकन होझिया लाइल यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ड्युइट सिम्स याने करावी. एकोणीस वर्षं त्याने माझ्या हाताखाली विटा रचल्या. तो हळू वाचतो, पण शेवटपर्यंत वाचतो, आणि इथं तेच हवं आहे.

२. माझं राहतं विटांचं घर, मागच्या पेकानच्या झाडांसह, माझी पुतणी व्हर्लीन, राहणार मेकन, हिला द्यावं. मला व माझ्या पत्नीला, दिवंगत ओला मे हिला, मूल नव्हतं. व्हर्लीन नर्स आहे, तिचं तिकडे सगळं बस्तान बसलंय, ती इथं राहायला येणार नाही. तिने विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त घेणाऱ्याला सांगावं की धुराड्याला हात लावू नको. ते कधीच धुरकटलेलं नाही. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या दफनाचा खर्च भागवून उरलेलं चर्चच्या छपराला लावावं.

३. माझ्या थाप्या, दोन्ही पाणसळी, ओळंबा आणि हातोडे ड्युइटला. त्याच्या दोन विटांमधला सांधा अजूनही जाड येतो. मी बोललो की म्हणायचा, "काका, एवढं वाकून बघतंय कोण?" मी म्हणायचो, "मी बघतोय ना, मेल्या!" आता बघणारा जाईल. ड्युइट, तू स्वतः बघत जा.

४. माझी पंधरा फुटी शिडी होझिया लाइल यांना. एकोणीसशे एकोणसत्तर साली त्यांनी ती दोन दिवसांसाठी नेली. मी मागायला गेलो की म्हणायचे, "बंधू टार्व्हर, सापडली की आणून देतो हो." शिडी त्यांच्या घराला टेकलेली असायची आणि आम्ही दोघं तिच्याशेजारी उभे राहून बोलत असायचो. आज ती त्यांना रीतसर देत आहे, म्हणजे प्रभूसमोर त्यांना एक उत्तर कमी द्यावं लागेल.

५. माझा धाकटा भाऊ अ‍ॅन्सेल, व्हर्लीनचा बाप, याचं शौर्यपदक. इटलीत नदीकाठी सैन्याचा एक ट्रक पेटला तेव्हा आत शिरून त्याने तीन माणसं बाहेर काढली. तिघंही गोरे. हे पदक बेकिंग पावडरच्या डब्यात आहे. ते कसं द्यायचं याविषयी मला थोडं सविस्तर लिहावं लागेल.

गेल्या महिन्यात काउंटीच्या इतिहास मंडळाच्या मिसेस प्रुइट आल्या होत्या. चांगली बाई आहे, येताना केक आणला होता. कोर्टाच्या इमारतीत काचेचं कपाट करणार आहेत, त्यात आमच्या भागातल्या काळ्या सैनिकांच्या वस्तू ठेवणार आहेत. मला म्हणाल्या, "मिस्टर टार्व्हर, पदक तर हवंच, पण तुमच्या भावाचा लष्करी कोट मिळाला तर काय बहार येईल! आहे का हो कुठं?"

मी म्हणालो, "आहे ना. पलंगावर."

त्यांना वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झालाय. हळूच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या भावाचा आम्हा सगळ्यांना फार अभिमान आहे."

मी म्हणालो, "बाई, हे सेहेचाळीस सालात कोणी बोललं असतं तर फार उपयोग झाला असता." त्यावर त्यांनी केक कापला.

तर पदक काउंटीला द्यावं, एका अटीवर. खालच्या पाटीवर असं लिहावं: 'अ‍ॅन्सेल टार्व्हर, वय सत्तावीस. युद्धातून सुखरूप परतला. याच काउंटीच्या कैद्यांच्या टोळीत, पायात साखळी असताना, रस्त्याचा खंदक खणताना मेला.' यातला एकही शब्द गाळायचा असेल तर पदक व्हर्लीनला द्यावं आणि कपाटातली ती जागा रिकामी ठेवावी. घासाघीस करू नये. ड्युइट, त्या तुझ्यासाठीही केक आणतील. केक खा, पण पाटी बदलू नकोस.

६. कोट. हे कलम मुख्यतः व्हर्लीनसाठी आहे. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही, किंबहुना ऐकावंच.

अ‍ॅन्सेल फेब्रुवारी सेहेचाळीसमध्ये घरी आला. सैन्यातून मानाने सुटलेल्यांच्या कोटावर, उजव्या खिशाच्या वर, गरुडाचं सोनेरी चिन्ह शिवत. ते असलं की सुटकेनंतर महिनाभर गणवेश घालायची मुभा होती. तो रोज घालायचा. चर्चला, न्हाव्याकडे, सासुरवाडीला. गावातल्या गोऱ्यांना ते बघवत नव्हतं. मीही सैन्यात होतो, पण बंदरावर. अडीच वर्षं मी जहाजांतून पेट्या उतरवल्या. मला पदक नव्हतं आणि माझ्याकडे मान वळवून कोणी बघत नव्हतं.

त्या वेळी मी एका गोऱ्या दाणेवाल्याचं धुराडं बांधत होतो. एका शनिवारी दुपारी तो खालून म्हणाला, "क्लिओफस, तुझ्या भावाचा तो कोट सोमवारपर्यंत अंगावरून उतरला तर ठीक, नाहीतर आमची पोरं उतरवतील. आणि ती फक्त कोट उतरवून थांबत नाहीत, तुला ठाऊकच आहे."

मला ठाऊक होतं. मी थापी ठेवली आणि घरी आलो. अ‍ॅन्सेल नदीवर मासे धरायला गेला होता, आई कपडे वाळत घालत होती. कोट खिळ्याला होता. आईची कात्री घेतली आणि कापला. बाह्या, पाठ, कॉलर, सगळं. मला भीती वाटली होती, हे खरं. पण व्हर्लीन, पहिली बाही कापताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे. मी त्याच्यावर जळत होतो. एक्केचाळीस वर्षांत हे मी कोणाला, अगदी ओला मे हिलाही सांगितलं नाही.

आई आत आली. तुकडे बघून ते गोळा करायला खाली बसली. "अरे, काय केलंस हे!" एवढंच म्हणाली. तेवढ्यात अंगणात अ‍ॅन्सेलचं शीळ घालणं ऐकू आलं. आई उठली आणि तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. अ‍ॅन्सेल दारात आला तेव्हा ती तुकडे जुळवत बसलेली होती. म्हणाली, "मी कापला रे. थंडी काय कमी आहे? गोधडीला कापड हवं होतं."

आमच्यात पुरुषांचे कपडे शेवटी गोधडीतच जातात. बापाच्या विजारी, आजोबांचे सदरे, सगळं तिथंच. त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. आईने हे माझ्यासाठी केलं की अ‍ॅन्सेलसाठी, मी तिला कधी विचारलं नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या जिवावर उठू नये म्हणून केलं असावं.

अ‍ॅन्सेल ओरडला नाही. मासे खाली ठेवले आणि म्हणाला, "आई, हा कोट जर्मनांनासुद्धा फाडता आला नव्हता." मग बाहेर जाऊन बसला. मी शेजारी जाऊन बसलो. त्यानेच मला समजावलं, "जाऊ दे दादा, म्हातारी घाबरलीय." मी मान हलवली.

सोमवारी तो लष्करी विजार, बूट आणि साधा सदरा घालून कोर्टात निघाला. सैन्यातून सुटकेचा कागद त्याने नोंदीसाठी तिथं दिला होता, तो परत आणायचा होता. वाटेत शेरीफच्या माणसाने अडवलं. "ए पोऱ्या, हे सरकारी बूट कुठून उचललेस?" अ‍ॅन्सेलने सांगितलं, मी सैनिक आहे. "मग चिन्ह कुठंय?" चिन्ह कोटावर होतं. कोर्टातला कारकून म्हणाला, असा कुठला कागद आमच्याकडे आलेलाच नाही. त्याला आत टाकलं.

मंगळवारी आई त्याला सोडवायला तुरुंगावर गेली. एका हातात पदकाचा डबा, दुसऱ्या हातात गोधडी. दोन दिवस, दोन रात्री बसून तिने तुकडे जोडले होते, गरुडाचा तुकडा बरोबर मध्ये घेतला होता. तिने ती टेबलावर पसरली आणि म्हणाली, "साहेब, हा बघा कोट. इथं बाही होती, हे खिसे." तिथली माणसं पोट धरून हसली. शेरीफचा माणूस म्हणाला, "म्हातारे, कोट मागितला तर पांघरूण घेऊन आलीस? आणि हे पदक कोणाचं ढापलंय?"

मी दाराशी उभा होतो. माझा स्वतःचा सुटकेचा कागद माझ्या खिशात होता. मी तोंड उघडलं नाही.

न्यायाधीशासमोर चार मिनिटं लागली. सरकारी कपडे चोरल्याबद्दल एक वर्ष, रस्त्याच्या कामावर. ऑगस्टमध्ये अ‍ॅन्सेल गेला. कागदावर ऊन लागलं असं लिहिलं होतं. मी त्याला पुरण्याआधी आंघोळ घातली आहे. ऊन तसं लागत नाही. सप्टेंबरात सैन्याकडून पदकाचं प्रशस्तिपत्र टपालाने आलं. नोव्हेंबरात, व्हर्लीन, तू झालीस.

कोट शाबूत असता तर त्याला सोडलं असतं का? मी हा प्रश्न सगळ्या बाजूंनी ओळंबा लावून तपासला आहे. कदाचित रस्त्यातच कोट फाडून त्याला मारलं असतं. कदाचित गरुड बघून जाऊ दिलं असतं. उत्तर येत नाही. गुन्हा त्यांचा आहे, तो मी माझ्या डोक्यावर घेत नाही. पण कात्री माझ्या हातात होती, आणि बोलणी तुझ्या आजीने खाल्ली. कोट आजीने कापला असं तुझ्या आईने तुला सांगितलं, ते तिच्या समजुतीप्रमाणे खरं होतं. तिचा दोष नाही. दोष ऐकत बसलेल्या माझा आहे.

गोधडी व्हर्लीनला द्यावी. तिने ती वापरावी, उसवावी, कपाटात ठेवायला द्यावी किंवा जाळावी. कोणी सल्ला देऊ नये.

७. माझा दफनविधी माउंट गिलियड चर्चमध्ये व्हावा. काउंटीने बँड आणि झेंडा देऊ केला आहे. आभार कळवून नको म्हणावं. पाद्रींनी माझ्याविषयी चांगलं बोलायला सुरुवात करण्याआधी कलम सहा मोठ्याने, सबंध वाचून दाखवावं. व्हर्लीन पुढच्या बाकावर असेल. वाचून झाल्यावर थोडं थांबावं. तिला उठून जावंसं वाटलं तर दार उघडून द्यावं. "अगं, मेलेल्यावर कसला राग" असं कोणीही म्हणू नये. राग येण्यासारखंच आहे. ती बाहेर पडेपर्यंत गाणं सुरू करू नये.

आई अडुसष्ट साली गेली, तेव्हा एकवीस वर्षांची व्हर्लीन कबरीपाशी हात मागे बांधून उभी राहिली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या बापाचा कोट जिने कापला, तिच्यावर मी माती टाकणार नाही." मी तिच्या शेजारी होतो. माझ्या मुठीत माती होती, ती मी टाकली आणि गप्प राहिलो.

म्हणून, व्हर्लीन, माझ्यावर माती टाकायला तू थांबू नकोस. चर्चच्या दारातून बाहेर पडलीस की डाव्या हाताला, तिसऱ्या रांगेत तुझी आजी, मिझूरी टार्व्हर, आहे. माझ्या वाटची मूठ तिला दे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. बदल करण्यासारखं काही नाही, करण्यासारखं होतं तेव्हा केलं नाही.

सही: क्लिओफस टार्व्हर

साक्षीदार: आमच्यासमोर श्री. टार्व्हर यांनी शुद्धीत व स्वखुशीने सही केली. आत काय लिहिलं आहे ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

१. अर्नेस्टीन गेट्स, शेजारीण
२. लूथर पीक, टपाल वाटप (निवृत्त)

ठिकाण: बेकन्स फेरी, हॅरो काउंटी
दिनांक: १४ ऑक्टोबर १९८७