नुसती ऊब

५ सप्टेंबर
हिल्काच्या वडिलांचा निरोप: शनिवारी तलावावरच्या घरी या, आधी सॉना, म्हणजे तापल्या खोलीतलं वाफेचं स्नान, मग लग्नाचं बोलू. मी हिल्काला म्हटलं, सॉना म्हणजे माझा जीव की प्राण. हेलसिंकीत मी सगळ्यात खालच्या बाकावर, दाराशी, जिथे वाफ कमी लागते तिथे बसतो, हे सांगायचं राहून गेलं.

६ सप्टेंबर
आजपासून सराव. बिल्डिंगच्या सॉनात थेट वरच्या बाकावर. पण वर एक जाडे गृहस्थ बसले होते. त्यांना कशाला सरकवायचं? उद्या.

८ सप्टेंबर
सराव राहिला. जेवण जात नाही. भीती वाटतेय, उगाच खोटं कशाला लिहू. मात्र नियम ठरला: काही झालं तरी 'गरम' म्हणायचं नाही. 'ऊब' म्हणायचं. गरम टुरिस्टांना होतं.

९ सप्टेंबर, दुपारी
पोचलो. हिल्काचे वडील, तावेत्तीकाका, लाकडं फोडताहेत. सॉनाच्या चिमणीतून धूर. हिल्काच्या आईनं, केर्त्तूकाकूंनी, विचारलं, चेहरा का असा पांढराफटक? म्हटलं, बस लागली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वरच्या बाकावर काका आणि मी, दोघंच. काकांनी तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. वाफेनं कान सोलून निघाले. काकांनी विचारलं, काय जावईबापू, गरम होतंय का? म्हटलं, छे, जरा ऊब आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आणखी ओतलं. पुन्हा तोच प्रश्न, माझं तेच उत्तर, आवाज तेवढा चिरका. हा माणूस मला जिवंत शिजवणार याची खात्री पटली. आई आठवली. तरी म्हटलं, ऊब.
पुढची पळी ओतता ओतता काका चक्कर येऊन मटकन खाली बसले.
माझी बोबडी वळली. त्यांना ओढत बाहेर पायऱ्यांवर आणलं. काकू धावत आल्या, तेव्हा मी गरम, गरम एवढंच ओरडत होतो.

१० सप्टेंबर, सकाळी
काका बरे आहेत. हिल्का म्हणाली, अरे, पाहुणा 'ऊब' म्हणाला म्हणजे त्याला अजून हवंय. 'गरम' म्हणाला की थांबायचं. बाबांना डॉक्टरांनी वर बसायला बंदी केलीय. तुझ्यासाठी बसले, आणि तू तो एक शब्द कधी बोलतोस याची वाट बघत राहिले.
मी म्हटलं, मी त्यांचा मान राखला.

नंतर
काका पडवीत घोंगडीत बसले होते. म्हणाले, माझ्या पोरीलाही असंच सांगणार का, जीव जाईपर्यंत? मला फार लाज वाटली. शब्द दिला: यापुढे जे वाटेल तेच बोलेन. काकांनी माझा हात हातात घेतला. लग्न याच डिसेंबरात, म्हणाले.
काकूंनी कॉफी दिली. पहिल्याच घोटाला जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी विचारलं, फार गरम आहे का?
म्हटलं, नाही, छान ऊब आहे.
काकांनी हात सोडला. लग्नाचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. हिल्कानं मान डोलावली.