शेरा : शांत

१ तारीख, सोमवार
आज रुजू झाले. डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या बायकांचं हे निवासगृह. वरच्या मजल्यावरच्या सहाजणी माझ्याकडे. मोठ्या खिडक्या, स्वच्छ चादरी, भरपूर ऊन. आल्या आल्या चाळिशीच्या एकीनं माझी पिशवी ओढून घेतली आणि कपडे कपाटात लावून टाकले, सगळे उलटे. तिला इथे चिमणी म्हणतात, कारण तोंडाला जराही विसावा नाही. मी तिच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी तिनं मला ताई करून टाकलं. बाकीच्या पाचजणी अगदी अबोल.

५, शुक्रवार
टॉवेलांच्या घड्या घालताना चिमणी तिच्या वारलेल्या आईशी बोलते. दिवसभराचं सगळं सांगते, आईच्या आवाजात स्वतःला रागावते, मग खुदकन हसते. मला फार गोड वाटलं. नोंदवहीत हौसेनं लिहिलं, ‘समोर कोणी असल्यासारखी बोलते.’

९, मंगळवार
डॉक्टर येऊन गेले. माझी ती ओळ वाचली, चिमणीकडे नीट पाहिलंही नाही. हिला भास होतात म्हणाले. गोळी सुरू, सकाळ-संध्याकाळ. ती नुसत्या गप्पा मारते, असं मी सांगायला गेले, तर इथलं सगळं बघणाऱ्या मेट्रनबाई म्हणाल्या, डॉक्टरांना शिकवू नकोस. गोळी मीच द्यायची आहे.

१८, गुरुवार
चिमणी बोलायची थांबली. हात थरथरतात, लाळ गळते. टॉवेल दिला, तो तासभर तसाच मांडीवर. डोळे मात्र जागे आहेत, माझ्यामागे फिरतात. मेट्रनबाई खूश. डोस वाढवला. वहीत शेरा लिहायला लावला, ‘शांत.’

२०, शनिवार
बाकीच्या पाचजणींची औषधं आज निरखून पाहिली. पाचही जणींना तीच गोळी. जुन्या वह्या काढल्या. एक गाणी म्हणायची. एक सगळ्यांशी भांडायची. मग एके दिवशी शेरा, ‘शांत.’ पुढे पानंच्या पानं तेच. आणि मी समजत होते, स्वभावच असेल.

२२, सोमवार
चिमणीच्या भावाला फोन केला. म्हणाला, गप्प झाली ना, बरंच झालं.

२४, बुधवार
चिमणीच्या अंगात फणफणून ताप. हातपाय लाकडासारखे ताठ. पाणी गिळत नाही. डॉक्टर फोन घेत नाहीत. मेट्रनबाई म्हणतात, गोळी चुकवू नकोस. नाही दिली. नोकरी गेली तर गेली, अ‍ॅम्ब्युलन्स मीच बोलावली —

२५, गुरुवार, दुपार
हॉस्पिटल. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या गोळीनंच झालंय, फार उशीर केलात. गोळी कोण देत होतं, विचारलं. मी म्हटलं, मी.

भाऊ अजून आला नाही.

ओठ हलले तिचे. कान जवळ नेला. म्हणते, ताई, मी आता नाही बोलणार, गोळी नको. मी म्हटलं, बोल गं, हवं तेवढं बोल, आईशी बोल — ऐकलं की नाही कोण जाणे —

श्वास अडकतोय. नर्सला हाक मारली. येतायत सगळे. मला बाहेर व्हा म्हणतात, पण माझं बोट तिनं घट्ट —