वहिनी ट्रॅक्टरवर बसल्या

रविवार, संध्याकाळ

माझा मित्र वसंता गेल्यावर सुधावहिनींनी त्याचा बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर मला दुरुस्तीला दिला. तीन महिने त्यावर खपलो. आज वारज्याला त्यांच्या प्लॉटवर नेऊन, मागे नांगर जोडून सुरू केला, तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी चालवून बघू?"

"तुम्ही नको" अगदी ओठांवर आलं होतं. का? क्लच जड आहे, एवढंच? गुपचूप उतरलो.

क्लच खरंच जड आहे. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं, दुसऱ्यांदा मात्र वहिनी पुढे निघाल्या.

"चाळीस वर्षांत ह्यांनी एकदाही बसू दिलं नाही हो!" इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या.

सगळा प्लॉट नांगरून झाला, तरी उतरेनात. मीही हाक मारली नाही.