टाउन हॉलमध्ये मी जे बोलले त्याबद्दल

मी, कांता सुखदेव मेश्राम, वय अडुसष्ट, मूळची नागपूरची, हल्ली मुक्काम पार्सिपनी, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून, कुणी न सांगता लिहीत आहे. हृदयाची झडप खराब आहे, डोकं शाबूत आहे. गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात रूटीन आहे. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं आहे, रूटीन म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये. वकिलाने इंग्रजीत केलेली दोन पानं सोबत आहेत. मालमत्तेची कायदेशीर भाषा त्यात आहे, अटी आणि कारणं इथे.

१. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात घर मुलगा राकेश याला आणि मुलगी रेणू हिला फक्त बांगड्या असं होतं. ते मी रागात लिहिलं होतं.

२. राहतं घर रेणूला. अट एकच, तिने घरात एकटं राहू नये. वरची खोली भाड्याने द्यावी आणि भाडेकरूला पहिल्याच दिवशी नॅलोक्झोनचा फवारा कुठे आहे ते दाखवावं. एक फ्रिजवर, एक बाथरूमबाहेरच्या खणात, एक गाडीत. गाडीतला उन्हाळ्यात घरात आणावा. अफूच्या जातीच्या गोळ्यांनी श्वास थांबत आलेल्या माणसाच्या नाकात तो मारायचा असतो. बेशुद्ध पडलेल्याला तो स्वतःचा स्वतः घेता येत नाही, दुसरं माणूस लागतंच. घरात आजवर ते माणूस मी होते.

हे कलम लिहिताना मी दोनदा उठले. नळ चालू होता. रेणू भांडी घासत होती. अकरा महिने ती धड आहे, तरी नळ जास्त वेळ वाहिला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. तिला ते आवडत नाही आणि तिचं बरोबर आहे.

३. बचत दोघांत निम्मी. रेणूचा हिस्सा वकिलाकडे राहील. दूर बेलव्ह्यूला राहणाऱ्या राकेशने फोनवर सांगितलं, "आई, तिला डायरेक्ट कॅश नको, ट्रस्ट कर, प्लीज." हे मी ऐकलं. पण तुझ्या लाडांनी ती बिघडली असं तो म्हणाला होता, ते मी ऐकणार नाही. गाडीच्या अपघातानंतर पाठ दुखायची म्हणून डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, त्यांचीच तिला सवय लागली. फार्मसीतून त्या आणल्या मीच. वेळेवर घे म्हणून बजावलंही मीच.

४. माझी साडेचारशे पुस्तकं कपाटांसकट आमच्या अभ्यास मंडळाच्या वाचनालयाला. अट अशी की कपाटाशेजारच्या भिंतीवर नॅलोक्झोनची पेटी लागली पाहिजे. मंडळाचे अध्यक्ष भानुदास वासनिक पूर्वी म्हणाले होते, "ताई, आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात. भिंतीवर असलं काही नको." तेव्हा मी मान डोलावली होती. आता पेटी नको असेल तर पुस्तकंही नकोत, ती टाउनच्या ग्रंथालयात जातील.

५. टाउनच्या ग्रंथालयातल्या डोलोरेसला माझं शिलाई मशीन द्यायचं होतं. ती साक्षीदार आहे, तिच्या नावे काही ठेवू नका असं वकील म्हणाला. म्हणून कालच नेऊन दिलं.

तिचं देणं मशीनने फिटणारं नाही. अडीच वर्षांपूर्वी टाउन हॉलमध्ये ठराव आला होता, प्रत्येक शाळेत आणि ग्रंथालयात हे औषध ठेवणं सक्तीचं करावं. बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी साडी नेसून गेले आणि म्हणाले की मी लॅबमधली आहे, मला यातलं कळतं, ग्रंथालय पुस्तकांसाठी असतं, पेटी लावली की मुलांना वाटेल इथे हे चालतं. टाळ्या पडल्या. ठराव एका मताच्या फरकाने पडला. भानुदासांनी मला भरीला घातलं असं मी पुष्कळ दिवस मनाशी म्हणत होते. त्यांनी काही घातलं नव्हतं. शब्द माझेच होते.

डोलोरेस त्या दिवशी मागच्या रांगेत बसली होती. नंतर तिने स्वतःच्या पैशाने एक फवारा आणून आपल्या खणात ठेवला. मागच्या मार्चमध्ये रेणू त्याच ग्रंथालयाच्या बाथरूममध्ये पडली. ओठ निळे पडले होते. डोलोरेसने दार उघडलं आणि फवारा मारला. माझी मुलगी श्वास घेते आहे ती माझं म्हणणं डोलोरेसने मानलं नाही म्हणून.

मी लोकांना सांगितलं, रेणूने उपास केला म्हणून चक्कर आली. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी उपास केलेला नाही. तरी सगळ्यांनी "हो का" म्हटलं. खरं काय ते त्यांना ठाऊक आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

६. ठराव पुन्हा आला आहे. माझ्या मृत्यूनंतर राकेशने वरचा मजकूर इंग्रजीत करून टाउन हॉलमध्ये वाचावा. मुलीचं नाव घेऊ नये.

७. कलम सहा रद्द. रेणूने भांडी आवरली, हात पुसले आणि माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "म्हणजे तू गेल्यावर खरं बोलणार? आई, दॅट्स सो अनफेअर. मी इथेच असणार आहे ना. लोकांना मी एकटीनेच फेस करायचं?"

मी म्हटलं, लोक काय म्हणतील याची भीती मला तुझ्यासाठी वाटते.

"माझ्यासाठी नाही, यार आई. तुझ्यासाठी. माझं नाव घे. फुल नेम. आणि तू स्वतः जा, मी ड्राइव्ह करते."

ती खरं बोलली. त्या ठरावावरची पहिली मीटिंग आजच आहे, सात वाजता. ऑपरेशनची वाटत नाही एवढी मला त्या माइकची भीती वाटते आहे. रेणू सुखदेव मेश्राम, वय चौतीस, माझी मुलगी, असं मी म्हणणार आहे. त्याच्या पुढचं अजून जमलेलं नाही.

हे सर्व मी वाचून पाहिलं, खाडाखोड माझी आहे.

सही: कांता सुखदेव मेश्राम
पार्सिपनी, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. भानुदास वासनिक. कलम चार वाचलं. पेटी लावतो.
२. डोलोरेस रिवेरा, ग्रंथपाल. हिला मराठी येत नाही. माझ्यासमोर सही झाली एवढंच ती सांगते.

रेणू वारस असल्याने तिची सही नको असं वकिलाचं म्हणणं. ती गाडी सुरू करून बाहेर बसली आहे.