नापास होण्यासाठी राखलेली दोन वर्षे

मलकापूर (कराड),
१२ एप्रिल

वयाने, अनुभवाने आणि आवाजाने माझ्याहून मोठे असलेले माझे बालमित्र, निवृत्त सुभेदार लालासाहेब यांच्या चरणी जोतीरामचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? शिराळ्याच्या ज्या वैद्यांनी लेप दिला, त्यांनीच जिना चढू नका असेही सांगितले होते, याची आठवण वहिनी आपणास देत असतीलच. त्यांना नमस्कार. इकडील सर्व मंडळी कुशल आहेत, एक अपवाद वगळता. आणि तो अपवाद हे पत्र लिहीत आहे.

परवा आपण फोनवर विचारलेत, "नातीच्या प्रवेशाचं काय झालं रं?" आणि मी "सविस्तर कळवतो" एवढेच म्हणून फोन ठेवला. त्याबद्दल क्षमस्व. परंतु ती हकीकत फोनवर सांगितली असती तर आपले हसणे मला ऐकावे लागले असते. पत्रामुळे ते शिराळ्यातच राहील.

दीपमालाची मुलगी संयोगिता आता साडेचार वर्षांची आहे. एसटीच्या पाटीवरील आकड्यांची बेरीज ती गाडी वळणावर दिसेनाशी होण्यापूर्वी सांगते. अशा मुलीने बालवाडीत बसून चिखलाचे लाडू वळावेत (तिची मैत्रीण जैनब ही या कलेतील तिची गुरू), हे माझ्या बुद्धीला पटेना. तिला येत्या जूनमध्ये थेट पहिलीत बसवायचे, असे मी ठरवले. पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण हवीत असा नियम आहे, हे मला ठाऊक होते. परंतु नियम सर्वसामान्यांसाठी असतात, आणि आमच्या घराण्यात सर्वसामान्य कोणी जन्मल्याचे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

दीपमाला म्हणाली, "अप्पा, खेळू द्या की तिला. काय घाई आहे?" मी तिला आनुवंशिकतेवर एक छोटेसे व्याख्यान दिले (वीस मिनिटे, चहा थंड झाला). मी स्वतः पाचव्या वर्षी पहिलीत गेलो, पंधरावे सरण्यापूर्वी मॅट्रिक झालो, हे ती जन्मापासून ऐकत आली आहे. दर जूनमध्ये अकरावीच्या नव्या तुकडीलाही मी ते ऐकवतो. आपणही साक्षीदार आहातच. आकाराम गुरुजी पहिल्याच दिवशी सर्वांना बजावत, "ह्यो जोती तुमच्यात सगळ्यात ल्हान हाय, संभाळून घ्या रं." आपण सर्व जण कोयनेच्या डोहात उड्या मारत होतात, तेव्हा मला "ल्हान हाईस, बुडशील" म्हणून काठावर कपडे राखायला बसवत होतात, आणि मी तिथे बसून तीसपर्यंतचे पाढे म्हणत होतो. बुद्धिमंतांचे बालपण असेच एकाकी असते, असे मी निवेदनाच्या सहाव्या पृष्ठावर नमूदही केले.

होय, निवेदन. बावीस पृष्ठांचे होते, तळटीपांसह. ते घेऊन मी शाळेच्या मुख्याध्यापिका फिरदोस मॅडम यांच्याकडे गेलो. बारावीला त्या माझ्याच विद्यार्थिनी होत्या, त्यामुळे मी बसेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यांनी निवेदन चाळले आणि विचारले, "सर, तुमचं लहानपण प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का अजून?" आज वाटते, बिचाऱ्या केवळ गप्पांचा विषय काढत होत्या. मला मात्र त्यात पुराव्याची मागणी दिसली. आणि पुराव्याच्या बाबतीत मी अर्धवट काम कधी करत नाही.

म्हणून पुढच्या सोमवारी मी गाडी करून कोयनानगरच्या वरच्या अंगाला आपल्या गावी गेलो आणि राहीआत्याला घेऊन आलो. तिचे वय नव्वदीच्या आसपास असावे, पण स्मरणशक्ती लखलखीत आहे. (घाटाच्या प्रत्येक वळणावर तिने गाडीवाल्याच्या वेगळ्या पूर्वजाची चौकशी केली.) काय सांगायचे हे मी तिला आधी मुद्दामच विचारले नाही. पढवलेली साक्ष मला मान्य नाही. माझ्या काटेकोरपणाने आजवर इतरांचे बरेच नुकसान केले होते. या खेपेला त्याने घरचा रस्ता धरला.

कार्यालयात मी, दीपमाला, संयोगिता आणि आत्या असे बसलो. मी प्रास्ताविक केले आणि आत्याला म्हणालो, "आत्या, मी किती लवकर शाळेत गेलो ते मॅडमना सांग."

आत्याने पदर सावरला. "लवकर? आवं बाई, लवकर कुठलं! सात वर्सांचा घोडा झाल्ता. साळंचं नाव काढलं की कणगीमागं दडून बसायचा. वरीसभर ह्येच्या आईनं वाट बघितली, मग मीच कानाला धरून नेला."

मी सौम्यपणे सुचवले की वयोमानाने तिची गल्लत होत असावी. मी कोयनेच्या भूकंपानंतरचा आहे.

"व्हय? मग भूकंपात घरातनं पयला भायेर कोन पळालं? आपल्या दोन पायानं पळालास रं, आईला मागं टाकून! लाला तवा पाळन्यात व्हता, त्येला त्येच्या आईनं उचलून आनला. तू न्हाई थांबलास कुनासाठी."

फिरदोस मॅडमनी टेबलाखाली पडलेले पेन शोधायला सुरुवात केली. ते पेन टेबलावर होते. मी अखेरचा प्रयत्न केला: मग गुरुजींनी माझे वय कमी का सांगितले? हा प्रश्न मी विचारायला नको होता, लालासाहेब.

"त्येचं काय हाय," आत्या मॅडमकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाली, "गुरुजी लय मायाळू मानूस. ह्येच्याकडं बघून म्हनलं, राहीबाई, ह्यो काय एका दमात पुढं सरकायचा न्हाई. दोनदा तरी गटांगळी खानार. बापावानी पलटणीत जायाचं म्हनलं तर भरतीला वय उरलं पायजे. दोन वर्सं कमी लावतो. मी म्हनलं, लावा. पोराला सांगू नगा म्हनलं, त्येला वाईट वाटंल."

म्हणजे पाहा. ज्या दोन वर्षांच्या बळावर मी आयुष्यभर स्वतःस बालप्रज्ञावंत समजत आलो, ती मला माझ्या अपेक्षित मठ्ठपणापोटी अनुकंपेने दिलेली होती. आणि मी नापास झालोच नाही, त्यामुळे सारा घोटाळा झाला!

यात माझा दोष किती, याचा मी आठवडाभर विचार केला. आपल्या वर्गातील चौतीस मुलांपैकी तीस जणांचा वाढदिवस १ जून. मी गेली तीस वर्षे संभाव्यता शिकवतो. एकाच वर्गात दोन मुलांचा वाढदिवस एका दिवशी येण्याची शक्यता किती, हे उदाहरण माझे फार आवडते. तरीही मला शंका आली नाही. उरलेल्या एकोणतीस जणांच्या तारखा गुरुजींनी मनाने लावल्या असून माझी तेवढी खरी आहे, असे मी गृहीत धरले होते. वर्गात सर्वांत लहान असून सर्वांत उंच मीच का, सहावीत मिसरूड मलाच का फुटले, चौदा वर्षांखालील कबड्डीत मुले माझ्या अंगावर आपटून परत का जात, या साऱ्याचे श्रेय मी एकाग्रतेला देत आलो. डॉक्टरेट कशाची, तर संख्याशास्त्राची.

त्या खोलीत त्या दिवशी अचूक गणित एकाच व्यक्तीने केले. संयोगिता बराच वेळ बोटांवर मोजत होती, ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही जूनमध्ये अठ्ठावन्नचे होणार ना? आणि दोन. म्हणजे साठ. तुम्ही साठ वर्षांचे आजोबा आहात."

मॅडमचे पेन सापडले. त्या म्हणाल्या, "सर, मुलगी खरंच हुशार आहे. तुमच्या पुराव्याशिवायही हुशार आहे." नियमातून काही वाट निघते का ते विचारून पाहीन, असेही म्हणाल्या, परंतु आधी मुलीलाच विचारावे. संयोगिताने विचारले, "जैनब येणार का?" जैनबला अजून सातानंतर थेट अकरा आठवतात, असे दीपमालाने सांगितले. "मग मी गेले तर तिला आठ कोण सांगणार?" असे म्हणून संयोगिताने चर्चा संपवली.

बावीस पृष्ठांत जैनबचा उल्लेखच नव्हता. मी निवेदन परत घेतले. संयोगिता बालवाडीतच राहील. दीपमालाने घरी आल्यावर चहा गरम करून दिला आणि मी तो गरम असतानाच प्यालो. आत्या अजून येथेच आहे. गल्लीतील एकेका घरी जाऊन ती भूकंप सांगते.

कळावे, लोभ असावा. हसून झाल्यावरही असावा.

आपला,
जोतीराम

ता. क. : येत्या ३१ मे रोजी माझ्या निवृत्तीच्या सत्कारात प्रमुख भाषण आपले आहे. त्यात "पाचव्या वर्षी शाळेत गेलेला चमत्कार" असा परिच्छेद आहे, हे मला माहीत आहे, कारण तो मीच लिहून पाठवला होता. तो कृपया गाळावा.

पुन्हा ता. क. : रात्रभर विचार केला. अगदीच गाळू नये. "चमत्कार" ठेवावा, वर्ष सांगू नये. आत्याला पहिल्या रांगेत मानाने बसवू, परंतु ध्वनिक्षेपक तिच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था आपण लष्करी शिस्तीने करावी.

आणखी एक, आणि पत्र खरे तर यासाठीच लिहिले आहे : वरील हकीकतीवरून मी आपणाहून वर्ष-दीड वर्षाने मोठा ठरतो. तेव्हा आरंभीचा साष्टांग नमस्कार परत घेत आहे. त्याऐवजी तुला अनेक आशीर्वाद. गुरुजींनी मला नापास होण्यासाठी दिलेली दोन वर्षे तशीच शिल्लक आहेत, ती आता वापरायचा विचार आहे. मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी मी गावी येतो, तूही ये. डोहावर मला शिकव. दोन गटांगळ्या खाईन, तेवढी सवलत गुरुजींनी मंजूर केलेलीच आहे. संयोगिता आणि जैनबही येतील. पण त्या अजून लहान आहेत म्हणून त्यांना काठावर बसवायचे नाही, गुडघाभर पाण्यात तरी उतरू द्यायचे. कपडे राखायला आत्या आहे.